काचेच्या कपाटातला जोड

धाकटीच्या मनात पाल पहिल्यांदा चुकचुकली ती कपडे वाळत घालताना.

तिची थोरली बहीण बॉयलरच्या कारखान्यात वेल्डर होती. घरात सगळे तसंच म्हणत, आणि आई तर न विचारणाऱ्यालाही थांबवून सांगत असे. धाकटी अजून शिकत होती, त्याच प्रशिक्षण केंद्रात, जिथून थोरली गेल्या वर्षी पहिली येऊन बाहेर पडली होती. सुट्टीच्या दिवशी दोघींचे जाड निळे शर्ट एकाच बादलीत भिजत आणि एकाच दोरीवर वाळत. धाकटीच्या बाह्यांची चाळण झाली होती. वितळलेल्या लोखंडाचे थेंब उडतात आणि कितीही जपलं तरी कापडाला मोहरीएवढी भोकं पाडतात. थोरलीच्या बाह्यांनाही भोकं होती, पण ती केंद्रातली, जुनी. धाकटीनेच ती रफू केली होती, त्यामुळे तिला ती तोंडपाठ होती. कारखान्यात लागून अर्धं वर्ष झालं तरी नवीन एकही नव्हतं.

"ताई, तुझ्या शर्टाला ठिणग्या लागत नाहीत का गं?"

"वर चामड्याचा ॲप्रन असतो. कंपनी देते."

"बाह्यांनापण?"

"बाह्यांनापण. तू कपडे वाळत घालतेयस की पंचनामा करतेयस?"

"तिला सतावू नकोस," आई आतून म्हणाली. "दमूनभागून येते बिचारी."

दमून येत नव्हती, हीच तर गोष्ट होती. थोरली गप्प होऊन येत होती. केंद्रात असताना ती जेवणाच्या ताटावर बसून वेल्डिंगचा कुठला रॉड चांगला जळतो यावर एकटीच वाद घालायची, चमच्यांचे जोड लावून दाखवायची, आणि आई म्हणायची, आधी गिळ, मग जोड. आता धाकटीने विचारलं की आज कुठला रॉड होता, तर उत्तर यायचं, "देतील तो." मग धाकटीने तिचा गळा पाहिला. कॉलरच्या खाली जिथे शर्ट उघडा असतो तिथे वेल्डरची कातडी उन्हात करपल्यासारखी लाल होते. धाकटीचा गळा टोमॅटोसारखा होता. थोरलीचा गळा मात्र लग्नाला निघालेल्या मुलीसारखा स्वच्छ.

नोकरी सुटली असेल? की कुणाच्या प्रेमात पडली असेल आणि कारखान्याच्या नावाखाली भलतीकडे जात असेल? धाकटीने सगळ्या शक्यता एकेक करून तपासल्या. पगार तर वेळेवर येत होता. प्रेमात पडलेलं माणूस इतकं खिन्न दिसत नाही, निदान पहिलं अर्धं वर्ष तरी. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण नेमकं कुठे, ते कळत नव्हतं.

केंद्राची कार्यशाळा म्हणजे पत्र्याच्या छपराखालची एक लांबलचक खोली. दोन्ही बाजूंना पत्र्याचेच आडोसे घालून खण केलेले, प्रत्येक खणाला जाड काळा पडदा, आणि कोपऱ्यात एक प्रेस. शिकणाऱ्याने लोखंडाच्या दोन प्लेटा कडेला कडा लावून जोडायच्या, त्या जोडातून आडव्या दोन पट्ट्या कापायच्या, घासून गुळगुळीत करायच्या आणि प्रेसखाली ठेवायच्या. प्रेस पट्टीला मधोमध दाबत दाबत नालासारखी वाकवतो. जोड नीट असेल तर पट्टी मुकाट्याने वाकते. आत कुठे पोकळ राहिलं असेल, जळलेल्या रॉडची खपली अडकली असेल, तर वाकताना तिथे तोंड उघडतं. वरून जोड कितीही देखणा असो, प्रेससमोर त्याचं काही चालत नाही.

वेल्डिंगचे सर गोल चेहऱ्याचे, चष्मा कायम कपाळावर आणि आवाज छपराला टेकणारा. मुलांच्या खणांतून फिरताना त्यांच्या जिभेला हाड नसे.

"अरे, हा जोड आहे की गोगलगायीची सहल?" ते शेजारच्या खणातल्या लंबूला म्हणत. "रॉड बदललास ना इथं? दिसतंय. आंधळ्यालासुद्धा दिसेल. चल, काप, घाल प्रेसमध्ये. बघू दे सगळ्यांना."

लंबूची पट्टी प्रेसमध्ये जाई आणि बऱ्याचदा तोंड उघडून बाहेर येई. मग सर त्याला मानगुटीला धरल्यासारखे त्या तोंडापाशी नेत आणि बरंच काही सांगत. काय ते धाकटीला ऐकू येत नसे. ग्राइंडर सुरू असत, आणि मुलांची बोलणी आपण कशाला ऐकायची, म्हणून ती पडदा ओढून घेई.

तिच्या खणाशी आले की सरांचा आवाज अर्धा होई. "वा. सुरेख. मुलींचा हात मुळात हलका असतो बघ. ठेव इकडे, तुझी प्लेट मी बघतो." आणि प्लेट घेऊन जात. संध्याकाळी फळ्यावर तिच्या नावापुढे पास. प्रत्येक वेळी पास. धाकटीला सुरुवातीला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटे. शर्टाच्या बाह्यांनी संशयाचं बी पेरल्यापासून मात्र तिला हा गोडवाही जरा जास्तच गोड वाटू लागला.

"तुझं बरंय," लंबू एकदा पाण्याच्या नळाशी म्हणाला. तो इतका उंच होता की नळाला तोंड लावताना त्याला स्वतःलाच नालासारखं वाकावं लागे. "आमची प्लेट जाते प्रेसमध्ये, तुझी जाते काचेच्या कपाटात."

"जळतोस का?"

"जळतो की. वेल्डर आहे." तो हसला, मग हसायचा थांबला. "पण खरंच सांग, तू तुझी पट्टी वाकलेली कधी पाहिलीयस?"

"सर वाकवतात. मी गेल्यावर."

"तू गेल्यावर झाडू मी मारतो, आठवड्यातले निम्मे दिवस. प्रेसखाली माझ्याच फुटक्या पट्ट्या सापडतात. तुझी एकही सापडली नाही. मला वाटलं, तू घरी नेतेस, आईला दाखवायला."

"तुला काय म्हणायचंय ते सरळ म्हण."

"मी काही म्हणत नाही बुवा. सरांची लाडकी तू. मी बोललो तर आग लावली म्हणशील."

धाकटीला नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं. हा स्वतः फुटक्या पट्ट्या काढतो आणि दुसऱ्याच्या चांगल्या जोडाकडे बोट दाखवतो. पुरुषांची ही जातच, असंही एक वाक्य तिच्या मनात येऊन गेलं. पण ते वाक्य घरी पोचेपर्यंत टिकलं नाही.

दोनच दिवसांनी केंद्रात पाहुणे आले. पाहुणे आले की दारातल्या काचेच्या कपाटावरची धूळ पुसली जाई. कपाटावर पाटी होती, ‘आमच्या मुली’. आत वरच्या फळीवर थोरलीच्या प्लेटा, खालच्या फळीवर धाकटीच्या, प्रत्येकीपुढे नावाची चिठ्ठी. धाकटीला हेल्मेट काखेत धरून कपाटाशेजारी उभं केलं होतं. एका पाहुण्या बाईंनी काचेवर नखाने टकटक केली. "हे मुलींनी केलंय? अगदी भरतकामासारखं!"

सर खुलले. "मुलींचा निकाल आमच्याकडे शंभर टक्के आहे, बाई."

धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा त्या कपाटाकडे पाहुण्याच्या नजरेने न बघता वेल्डरच्या नजरेने पाहिलं. प्लेटा अखंड होत्या. कुठूनही कापलेल्या नव्हत्या. वरच्या फळीवर थोरलीची अंतिम परीक्षेची प्लेट होती, जिच्यासाठी तिला पहिला नंबर मिळाला होता, आणि तीसुद्धा आरशासारखी सपाट, पूर्ण, चारही कोपरे जागच्या जागी. जोडाची परीक्षा घ्यायची तर प्लेट कापावी लागते. परीक्षा घेतलेली प्लेट पूर्ण राहूच शकत नाही. ज्या अर्थी ती पूर्ण होती, त्या अर्थी परीक्षा झालीच नव्हती. यात मत, समज, गैरसमज असं काही नव्हतं. भूमितीचा साधा प्रश्न होता तो.

बाई हसून काहीतरी विचारत होत्या, आणि ती मान डोलावत होती.

तरी तिने स्वतःला बजावलं की एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. कदाचित सर दुसऱ्या प्लेटा तपासत असतील आणि चांगल्या तेवढ्या शोभेला ठेवत असतील. खात्री करायला एक मार्ग होता आणि तो तिला आवडत नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने खणाचा पडदा ओढला आणि जाणूनबुजून वाईट जोड केला. दोन प्लेटांमध्ये फट ठेवावी लागते, म्हणजे वितळलेलं लोखंड मुळापर्यंत उतरतं. तिने फट ठेवलीच नाही. करंट कमी ठेवला. मुळाशी दोन्ही कडा नुसत्या एकमेकींना टेकून राहिल्या, आणि त्यावर तिने शेवटचा थर असा काढला की बघत राहावं, एकसारख्या लाटा, कुठे उंचसखल नाही. आयुष्यात इतकं खोटं आणि इतकं सुंदर काम तिने केलं नव्हतं. हेल्मेटच्या आत तिला घाम फुटला होता.

सरांनी प्लेट हातात घेतली. उलटी करून मागची बाजू पाहिली असती तरी पुरे होतं. मुळाशी न वितळलेल्या कडांची सरळ रेघ मागून स्पष्ट दिसत होती. त्यांनी वरूनच अंगठा फिरवला.

"हा तर कळस झाला," ते म्हणाले. "ही कपाटात मधोमध ठेवू. पुढच्या आठवड्यात कारखान्याचे फोरमन येतायत निवडीला. तुझं नाव मी आधीच सांगून ठेवलंय. बहिणीपाठोपाठ बहीण!"

या वेळी संध्याकाळचीही वाट न बघता फळ्यावर पास.

त्या दिवशी धाकटीने दुपारची सुट्टी घेतली आणि तडक कारखाना गाठला. फाटकावरच्या पहारेकऱ्याला बहिणीचं नाव सांगितल्यावर तो म्हणाला, "स्टोअरवाली ना? सरळ जा, डावीकडे जाळीची खिडकी."

"नाही, वेल्डर."

"तीच ती. जाळीची खिडकी."

थोरली जाळीमागे उंच स्टुलावर बसली होती. पाठीमागे फळ्यांवर हातमोजे, काळ्या काचा, रॉडचे डबे, सगळं ओळीने लावलेलं. खिडकीशी एक जण म्हणत होता, "ताई, मोठ्या मापाचे द्या, मागचे तुमच्या मापाचे दिले होते." थोरली कसनुशी हसली, मोजे सरकवले, आणि मग तिला धाकटी दिसली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं. फक्त त्यातला जीव गेला.

"आईला काही झालं?"

"आई ठणठणीत आहे. तू इथं काय करतेयस?"

"दिसत नाही? दुकान मांडलंय."

ती मागच्या दाराने बाहेर आली. दोघी पत्र्याच्या भिंतीलगत उभ्या राहिल्या. आतून वेल्डिंगचा कडकडाट येत होता, आणि दर वेळी आवाज मोठा झाला की थोरलीची मान आपोआप तिकडे वळत होती.

"पहिल्याच दिवशी त्यांनी प्लेट जोडायला दिली," थोरली म्हणाली. "पट्टी प्रेसमध्ये घातली. मी बाहेर थांबले होते. फोरमन बाहेर आला आणि म्हणाला, मनाला लावून घेऊ नकोस, इथं सगळ्यांना जमेल अशीही कामं असतात. इतकं गोड बोलला गं. ओरडला असता तर मी भांडले असते. गोड बोलणाऱ्याशी भांडायचं कसं?"

"आणि पगार वेल्डरचा?"

"नोंद वेल्डरचीच आहे. कुणी विचारलं की यांना सांगता येतं, आमच्याकडे महिला वेल्डर आहे." तिने शर्टाची बाही ओढून मनगटावर घेतली. "केंद्रात पहिली आले आणि इथं पहिल्या पट्टीत फुटले. मला वाटलं, मीच कुठंतरी खोटी आहे. हात अचानक गेला माझा. घरी काय सांगू? आई अख्ख्या गल्लीला सांगून बसली होती."

"ताई, तुझा हात गेला नाही. तुझी पट्टी केंद्रात कधी वाकवलीच नाही."

थोरलीने आधी हे उडवून लावलं. मग धाकटीने कपाट सांगितलं, अखंड प्लेटा सांगितल्या, मुद्दाम बिघडवलेला जोड सांगितला. थोरलीच्या डोळ्यांत आधी राग आला, मग काहीतरी मोकळं झाल्यासारखं, आणि मग भीती.

"कुणाला बोललीस?"

"नाही अजून."

"बोलू नकोस. माझं ऐक. केंद्रात मुलींच्या जागा का आहेत, तर निकाल चांगला लागतो म्हणून. तू बोंबललीस की लोक काय म्हणणार? सरांनी तपासलं नाही, असं कुणीच म्हणणार नाही. म्हणतील, बघा, मुलींचं वेल्डिंग. पुढच्या वर्षी जागा बंद. तू आणि मी, दोघी मिळून बंद पाडल्या."

"आणि नाही बोलले तर? पुढच्या आठवड्यात फोरमन मला घेणार. एक तर मी तुझ्या शेजारी स्टूल टाकून बसेन, नाहीतर कुणाच्या तरी दुर्लक्षाने बॉयलरवर जाईन."

थोरलीने आतल्या कडकडाटाकडे पाहिलं. "बॉयलरपाशी माणसं उभी असतात," ती हळूच म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि खिडकीशी कुणीतरी हाक मारली म्हणून आत गेली.

धाकटी परत निघाली तेव्हा तिला बहिणीचाही संशय येत होता. ही खरंच पुढच्या मुलींसाठी गप्प बसायला सांगतेय, की आईच्या समोर उघडं पडायचं नाही म्हणून? मग तिला स्वतःचाही संशय आला. आपल्याला सत्य हवंय, की आपला जोड चांगलाच निघेल अशी आतून खात्री आहे म्हणून हा शूरपणा? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रेसशिवाय कुणाकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत सगळे असताना ती सरांसमोर उभी राहिली.

"सर, कालची प्लेट मला परत हवी. कापायची आहे."

"कापायची? अगं, ती पास झालीय."

"वाकवून?"

ग्राइंडर एकेक करून थांबले. सरांनी चष्मा कपाळावरून खाली आणला. "कुणी भरवलं तुला हे? लंबूने?"

"मी कुठं सर!" लंबू आपल्या खणातून म्हणाला.

"कुणीही भरवलेलं नाही. प्लेट द्या."

नाही म्हणणं सरांना अवघड झालं, कारण सगळे बघत होते. धाकटीने प्लेट कापली, पट्टी घासली आणि प्रेसखाली, वाकताना मुळाची बाजू बाहेर येईल अशी ठेवली. दांडा तिने स्वतः ओढला. पट्टी जेमतेम वाकली आणि ताडकन आवाज होऊन एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उघडली. दोन वेगळे तुकडे, वर नुसता एक देखणा थर.

"हा मी मुद्दाम बिघडवला होता," ती म्हणाली.

सरांचा चेहरा लाल झाला. "मुद्दाम? मला फसवायला? मी तुमच्यासाठी इतकं करतो आणि तू माझी परीक्षा घेतेस?"

"तुम्ही माझी घेत नव्हता म्हणून."

मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सर तिथल्या बाकावर बसले. बोलू लागले तेव्हा त्यांचा आवाज छपराला टेकत नव्हता. पहिल्या वर्षी एक मुलगी आली होती, ते म्हणाले. तिची पट्टी फुटली. तुम्हाला बोलतो तसंच तिला बोललो. ती रडली, दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले आणि तिला घेऊन गेले. वरून विचारणा झाली की मुलगी का गेली. जागा बंद व्हायची वेळ आली. "तेव्हाच ठरवलं, यापुढे एकही मुलगी माझ्या हातून नापास होणार नाही. मी मुलींसाठीच केलं, बाळ."

धाकटीला त्यांचं खरं वाटलं, आणि त्यामुळे जास्तच राग आला. तिने कपाटातून आपली आणखी एक प्लेट काढली. गेल्या महिन्यातली, मनापासून केलेली, तिच्या मते सगळ्यात चांगली. काप, घास, प्रेस. पट्टी वाकली, वाकत गेली, नालासारखी झाली, आणि अगदी शेवटी मधोमध एक तोंड उघडलं. तांदळाच्या दाण्याहून मोठं.

लंबू पडद्याबाहेर येऊन वाकून पाहू लागला. "अरे! हा तर माझा रोग. रॉड बदलला तिथं."

"सर," धाकटी म्हणाली, "याची इथं फुटली तेव्हा तुम्ही याला काय सांगितलं होतंत?"

सर जमिनीकडे पाहत होते. "आधीचा रॉड संपतो तिथे खळगा राहतो. त्यात खपली अडकते. ती घासून काढायची. मग नवा रॉड थोडा पुढे पेटवून मागे आणायचा, खळगा भरायचा, मगच पुढे जायचं."

"हे मला का नाही सांगितलंत?"

वर्षभर पलीकडच्या पडद्याआड हे वाक्य कितीदा तरी बोललं गेलं होतं, आणि ती मुलांची बोलणी कशाला ऐकायची म्हणून पडदा ओढत होती. म्हणजे थोडी चूक तिचीही होती. तिने ती मनातल्या मनात आपल्या बाजूला मांडून टाकली.

फोरमन येईपर्यंतचे सगळे दिवस ती रॉड बदलत राहिली. मुद्दाम अर्धा रॉड जाळून थांबायची, घासायची, पुढे पेटवून मागे यायची. पट्ट्या फुटल्या, मग कमी फुटल्या, मग फुटेनाशा झाल्या. पण आता एक नवीनच पीडा सुरू झाली होती. पट्टी नीट वाकली तरी तिला खरं वाटत नसे. पट्टी पुरती वाकूच नये म्हणून सरांनी प्रेसचा अडसर अलीकडे तर सरकवला नसेल? प्लेटा मऊ लोखंडाच्या तर आणल्या नसतील? ती लंबूची पट्टी आपल्याआधी त्याच प्रेसमध्ये घालायला लावी. लंबू वैतागून म्हणे, "तुझ्यापायी माझं लोखंड संपलं. लग्न झाल्यावर नवऱ्याचं काय करशील, देव जाणे."

"वाकवून बघेन," धाकटी म्हणाली.

फोरमन आला तेव्हा सरांनी तिचं नाव आधी घेतलं नाही. तिनेच पुढे होऊन सांगितलं, "मला केंद्राचे मार्क नकोत. तुमच्या प्रेसवर तपासा." फोरमन बुचकळ्यात पडला, पण हो म्हणाला.

कारखान्यातला खण केंद्रातल्यासारखाच होता, फक्त पडद्याला जास्त भोकं होती. धाकटीने प्लेट जोडली, कापली, घासली. फोरमन पट्ट्या घेऊन प्रेसकडे निघाला आणि म्हणाला, "तू बाहेर थांब. मी सांगतो."

"मी इथंच थांबते."

त्याने खांदे उडवले. पहिली पट्टी वाकली, काही झालं नाही. दुसरी वाकली आणि जोडाच्या कडेला एक बारीक चीर दिसली. फोरमनने चष्मा पुसून ती पाहिली.

"चालेल," तो म्हणाला.

"चालेल म्हणजे? नियमाने, की मी मुलगी आहे म्हणून?"

फोरमनच्या कपाळाला आठी पडली. इतका वेळ जपून ठेवलेला गोडवा एका क्षणात उतरला. "काय कटकट आहे! तीन मिलिमीटरपर्यंत चालतं, सगळ्यांना चालतं." त्याने खिशातून मापाची पट्टी काढून तिच्यासमोर आपटली. "घे, मोज तूच."

धाकटीने मोजलं. एक मिलिमीटरही नव्हतं. तिने जोडाची पट्टी फिरवून दुसऱ्या बाजूने पुन्हा मोजलं. मग तिला एकदम भूक लागल्याची जाणीव झाली.

"झालं समाधान? सोमवारपासून ये."

"साहेब," मागून आवाज आला.

थोरली दारात उभी होती. ती कधीपासून तिथे होती कोण जाणे. तिच्या हातात स्टोअरमधलेच मोजे होते, अंगठ्यापाशी कोरे करकरीत.

"मलाही एक प्लेट द्या."

"तुझी झालीय ना मागेच?"

"झाली. पण पट्टी कुठं उघडली ते तुम्ही मला दाखवलं नव्हतंत. मला अजून माहीत नाही, माझं नेमकं काय चुकलं."

फोरमनने आठवून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्याला खरंच आठवत होतं आणि ते आवडत नव्हतं. "दाखवून काय झालं असतं? वाईट वाटलं असतं तुला."

"वाटलंच की," थोरली म्हणाली. "तेव्हापासून रोज वाटतंय."

फोरमनने एकदा तिच्याकडे, एकदा धाकटीकडे पाहिलं. दोघी बहिणी सारख्याच हट्टी दिसत होत्या. "आणि स्टोअर कोण बघणार?"

"कुलूप लावून आलेय."

तो पुटपुटत फळीकडे गेला, दोन प्लेटा काढल्या आणि बाकावर धाडकन टाकल्या. थोरलीने फट मोजून ठेवली, करंट दोनदा तपासला, आणि हेल्मेट खाली घेण्याआधी, धाकटीने घरी सांगितलेलं तिलाच पुन्हा विचारलं, "खळगा घासायचा, पुढे पेटवायचं, मग?"

"मागे यायचं. भरायचं. मगच पुढे."

थोरलीने मान हलवली आणि ठिणगी पेटवली. तिकडे जाळीच्या खिडकीशी कुणीतरी मोठ्या मापाच्या मोज्यांसाठी हाका मारत होतं, आणि बराच वेळ मारत राहिलं.